स्पेसर टाकला की टायर घासायचा थांबतो का?

गाडी खाली घेतली, हौसेने रुंद अलॉय चढवले आणि दुसऱ्याच दिवशी गतिरोधकावर चाकातून ‘घर्र’ असा आवाज आला. मग पहिला प्रश्न येतो तो हाच : स्पेसर टाकला की हे थांबेल का?

थोडक्यात उत्तर असे. टायर आतल्या बाजूला घासत असेल, तर योग्य जाडीच्या स्पेसरने घासणे थांबते. बाहेरच्या बाजूला घासत असेल, तर त्याच स्पेसरने ते वाढते. दुर्दैवाने बरेचदा टायर कुठे घासतो आहे हे न पाहताच स्पेसर विकत घेतला जातो. म्हणून या प्रकरणात आधी जागेचा हिशेब समजून घेऊ, मग आकडेमोड करू आणि शेवटी स्पेसर बसवण्याकडे वळू.

१. चाकाच्या वाट्याला आलेली जागा

गाडीचे पुढचे चाक काढून आत पाहा. आतल्या बाजूला शॉकअपची नळी आणि तिच्यावर स्प्रिंगची बैठक दिसेल. बाहेरच्या बाजूला फेंडरची आत दुमडलेली पत्र्याची कड असते. वर आणि मागेपुढे प्लास्टिकचे लायनर असते. या चार हद्दींच्या आत चाकाला फिरायचे, वळायचे आणि वरखाली व्हायचे असते. कंपनीने मूळ चाक ठरवताना प्रत्येक बाजूला थोडी मोकळीक राखलेली असते. आपण रुंद रिम लावतो किंवा गाडी खाली घेतो, तेव्हा त्याच मोकळिकीतून उचल करतो.

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची, बहुधा अ‍ॅल्युमिनियमची चकती. तिची जाडी जितकी, तितके चाक बाहेर सरकते. स्पेसर एवढेच काम करतो. अरुंद खोलीतले कपाट एका भिंतीपासून दूर ओढले की ते दुसऱ्या भिंतीजवळ जाते, खोली काही मोठी होत नाही. स्पेसरही जागा निर्माण करत नाही, तो आतली टंचाई बाहेर नेतो. बाहेर शिल्लक असेल तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

२. आधी घासण्याची जागा शोधा

टायर बोलत नाही, पण खुणा ठेवतो. आतल्या कुशीवर चकाकी आलेली असेल किंवा गोल ओरखडा दिसत असेल, तर तो शॉकअपला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला लागतो आहे. बाहेरच्या खांद्यावर एकसारखी कापल्यासारखी रेघ असेल, तर फेंडरची कड दोषी आहे. लायनर पातळ झालेले किंवा फाटलेले असेल, तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर तिथे पोचतो आहे.

आवाज कधी येतो यावरूनही बरेच कळते. सरळ रस्त्यावर सतत येणारा आवाज बहुधा आतल्या बाजूचा असतो. पार्किंगमधून पूर्ण वळण घेऊन मागे येताना आवाज आला, तर लायनर किंवा बंपरचा कोपरा तपासावा. मागे तिघे बसल्यावर आणि गतिरोधकावरच आवाज आला, तर मागच्या फेंडरची कड पाहावी.

खात्री हवी असेल तर फेंडरच्या कडेला आतून खडू घासा किंवा मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती लावा. गाडीत नेहमीची माणसे बसवून ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. खडू जिथे पुसला जाईल किंवा माती जिथे दबेल, तिथे टायर लागतो आहे. दबलेल्या मातीची उरलेली जाडी मोजली, तर किती मिलिमीटरचा प्रश्न आहे तेही समजते. पुढची सगळी आकडेमोड या एका मापावर उभी राहते.

३. टायरवरचे आणि रिमवरचे आकडे

टायरच्या कुशीवर ‘१८५/६० आर १५’ असे काही छापलेले असते. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे कुशीची उंची, रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी. १५ हा रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३८१ मिमी. वर एक आणि खाली एक अशा दोन कुशी धरल्या, की चाकाचा पूर्ण व्यास ३८१ + २२२ = ६०३ मिमी होतो.

आता १९५/५० आर १६ हा टायर घ्या. कुशी ९७.५ मिमी, रिम ४०६.४ मिमी, एकूण व्यास ६०१.४ मिमी. रिम एक इंच मोठी झाली, तरी चाकाची उंची जवळपास तीच राहिली. म्हणून स्पीडोमीटरही बिघडत नाही आणि वरची मोकळीकही जात नाही. याच १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला, तर व्यास ६२०.९ मिमी होतो. त्रिज्या सुमारे ९ मिमीने वाढते, म्हणजे टायर चारही दिशांना तेवढा पुढे येतो. खाली घेतलेल्या गाडीत हे ९ मिमी फार महाग पडतात.

रिमवर ‘७ जे’ आणि ‘ईटी ४०’ अशा दोन खुणा असतात. ७ जे म्हणजे टायर जिथे बसतो तिथली रुंदी ७ इंच, म्हणजे १७७.८ मिमी. ईटी म्हणजे ऑफसेट : रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर, मिलिमीटरमध्ये. आपल्या नेहमीच्या गाड्यांमध्ये हा पृष्ठभाग मध्यापेक्षा बाहेर असतो. म्हणून नियम सोपा आहे : ईटीचा आकडा मोठा, तर चाक आत, आकडा लहान, तर चाक बाहेर. १० मिमीचा स्पेसर ईटी ४० च्या रिमला व्यवहारात ईटी ३० ची रिम करून टाकतो.

४. एक उदाहरण सोडवून पाहू

उदाहरणासाठी फोक्सवॅगन पोलो घेऊ. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनणारी ही गाडी खाली घेणाऱ्यांची आवडती आहे. समजा मूळ रिम ६ जे, ईटी ४० आहे आणि आपण ७ जे, ईटी ४० लावतो आहोत.

मूळ रिमची अर्धी रुंदी ७६.२ मिमी. हबच्या पृष्ठभागापासून तिची बाहेरची कड ७६.२ – ४० = ३६.२ मिमीवर आणि आतली कड ७६.२ + ४० = ११६.२ मिमीवर आहे.

नव्या रिमची अर्धी रुंदी ८८.९ मिमी. बाहेरची कड ४८.९ वर आणि आतली १२८.९ वर. म्हणजे रिम दोन्हीकडे १२.७ मिमीने फुगली.

टायरची कुशी मात्र तेवढी सरकत नाही. १८५ च्या जागी १९५ आल्यावर छापील रुंदीनुसार प्रत्येक बाजूला ५ मिमी वाढ होते. रुंद रिमवर कुशी थोडी ताणली जाते, म्हणून प्रत्यक्ष वाढ आणखी काही मिलिमीटर असते. त्यामुळे कागदावरचा हिशेब दिशा दाखवण्यापुरता मानावा आणि शेवटचे माप गाडीवरच घ्यावे.

समजा प्रत्यक्ष मापात टायर आणि शॉकअप यांच्यामध्ये फक्त २ मिमी फट उरली. पोलोच्या पुढच्या शॉकअपचे खालचे टोक चाकाच्या हबलाच जोडलेले आहे. म्हणून चाक वरखाली झाले तरी ही आतली फट फारशी बदलत नाही आणि ५ मिमी मोकळीक पुरते. म्हणजे आपली गरज ३ मिमीची आहे. ३ मिमीचा स्पेसर टाकला की काम झाले, बाहेरची कड जेमतेम ३ मिमी पुढे गेली.

आता दुकानात मिळाला म्हणून १५ मिमीचा स्पेसर टाकला तर? रिमची बाहेरची कड मूळपेक्षा १२.७ + १५ = २७.७ मिमी बाहेर येते. आतला त्रास संपतो, पण पहिल्याच खड्ड्यात फेंडरची कड टायर कापायला लागते.

रिम अजून घ्यायची असेल, तर याहून चांगली वाट आहे. ७ जे, ईटी ३५ ची रिम घ्या. लागणारे ३ मिमी आणि वर २ मिमी तिच्या घडणीतच मिळतात, स्पेसरची गरजच उरत नाही. योग्य ईटीची रिम हा सर्वांत चांगला स्पेसर आहे, कारण त्यात वेगळा तुकडाच नसतो.

५. गाडी खाली घेतल्यावर नेमके काय बदलते?

गाडी ३० मिमी खाली आणली की टायर आणि आर्च यांच्यातली दिसणारी फट ३० मिमीने कमी होते. पण टायर जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतो, हे स्प्रिंग ठरवत नाही. ते ठरवतो शॉकअपवरचा बंप स्टॉप, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास अडवणारा रबरी ठोकळा. फक्त छोट्या स्प्रिंग टाकल्या आणि ठोकळा तसाच राहिला, तर चाकाची वरची हद्दही तीच राहते. फरक एवढाच की पूर्वी मोठ्या खड्ड्यात क्वचित गाठली जाणारी हद्द आता वारंवार गाठली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : मूळ उंचीवर, पूर्ण भार असताना, नवे चाक कुठेच लागत नसेल, तर फक्त स्प्रिंग बदलल्याने घासणे सहसा सुरू होत नाही. दुसरी : जास्त प्रवास मिळावा म्हणून बंप स्टॉप कापला, तर चाकाची वरची हद्दच हलते आणि टायर थेट आर्चमध्ये जातो. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या काही कॉइलओव्हरमध्ये शॉकअपची खालची बैठकच आट्यांवर वर सरकते. तिथेही ही हद्द बदलते, म्हणून मापे नव्याने घ्यावी लागतात.

म्हणून बाहेरची मोकळीक उभ्या गाडीवर मोजून भागत नाही. त्या चाकाची स्प्रिंग जाणकाराकडून काढून घ्यावी, चाक जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचलावे आणि तिथे फेंडरची कड पाहावी. पुढचे चाक असेल तर त्याच स्थितीत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण त्याने नवे टायर वाचतात.

६. स्पेसर कसा निवडावा आणि बसवावा

इथे घाई करणे धोक्याचे आहे, कारण आता प्रश्न चाक गाडीला धरून ठेवण्याचा आहे.

*मधले भोक.* पोलोच्या हबच्या मध्याला ५७.१ मिमी व्यासाची उंच कडी आहे. रिम तिच्यावर बसते, म्हणून ती बरोबर मध्यात राहते. जाड स्पेसर ही कडी झाकून टाकतो. अशा स्पेसरला बाहेरच्या बाजूने तशीच स्वतःची कडी हवी. नसेल तर चाक केवळ बोल्टच्या आधारावर मध्य शोधते आणि ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरते. ३ मिमीच्या पातळ चकतीत मूळ कडीचा थोडा भाग बाहेर डोकावत राहतो. तो रिम पेलण्याइतका आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

*बोल्टची पकड.* पोलोचे बोल्ट १४ मिमी जाडीचे, आणि दर आट्याला १.५ मिमी पुढे जाणारे आहेत. १५ मिमीचा स्पेसर टाकून जुनेच बोल्ट वापरले, तर पकडीतले १० आटे गेले. चाक निखळण्याची ही सरळ वाट आहे. साधा नियम असा : बोल्टच्या जाडीइतकी तरी लांबी आट्यांत गेली पाहिजे. १४ मिमीच्या बोल्टला ती सुमारे साडेनऊ आटे भरते. हाताने बोल्ट लावताना आटे मोजा. कमी भरले तर स्पेसरच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्या. पण गरजेपेक्षा लांबही नकोत, कारण ते हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांना लागू शकतात.

मारुती, ह्युंदाई, होंडा यांच्या गाड्यांत बोल्टऐवजी हबवर स्टड आणि त्यावर नट असतात. तिथे स्टडच लांब बसवावे लागतात. किंवा मग स्वतःचे स्टड असलेला जाड स्पेसर घ्यावा लागतो, जो आधी हबवर नटांनी आवळतात आणि मग त्याच्यावर रिम चढते. हा प्रकार साधारण २० मिमीपासून पुढे मिळतो. मूळ स्टडची टोके त्याच्या बाहेर येऊन रिमला टेकत नाहीत ना, हे तपासायला हवे. स्टडवर नुसत्या वॉशर चढवून जाडी साधण्याचा उद्योग कधीही करू नये.

*बोल्टचे बूड.* फोक्सवॅगनच्या मूळ रिमसाठी बोल्टचे बूड गोलाकार असते, तर बाहेरच्या बहुतेक अलॉयला शंकूसारखे बूड लागते. चुकीचे बूड कडेवर टेकते आणि कितीही आवळले तरी काही दिवसांत ढिले होते.

*टेकण्याचा पृष्ठभाग.* हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. गंजाची पापुद्री राहिली तर स्पेसर तिरका बसतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके आवळावेत. एकावर एक दोन स्पेसर रचू नयेत.

७. टायर बाहेर घासत असेल तर?

इथे स्पेसर कामाचा नाही. असलेला स्पेसर काढणे हाच कित्येकदा पहिला उपाय ठरतो. त्यानंतरचे मार्ग क्रमाने असे.

टायर एक माप अरुंद किंवा किंचित कमी उंचीचा घेणे सर्वांत सोपे. पण ७ जे रिमवर हवा तितका अरुंद टायर ताणून बसवता येत नाही. १९५/५० आर १६ साठी साडेपाच ते ७ जे रिम मान्य आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात आपण आधीच टोकावर आहोत. टायरचा भारांकही पाहावा. ८४ हा आकडा एका टायरवर ५०० किलो भार सांगतो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर लावू नये.

दुसरा मार्ग कॅम्बरचा, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलवण्याचा. सुमारे ३०० मिमी त्रिज्येच्या चाकाला एक अंश कल दिला, तर वरची कड अंदाजे ५ मिमी आत जाते. अर्धा-एक अंश ठीक, पण त्याहून जास्त कल दिला की टायरची आतली कड लवकर झिजते. पोलोचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध तुळईचा असल्याने तिथे कॅम्बर बदलण्याची सोय नाही.

तिसरा मार्ग फेंडरची आत दुमडलेली कड रोलरने वर दाबून सपाट करण्याचा. यात काही मिलिमीटर हमखास मिळतात. पत्रा आधी गरम करावा, नाहीतर रंग तडकतो. तडकलेल्या रंगाखाली पाणी शिरते आणि कोकणातल्या हवेत तिथे गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून रोलिंगनंतर कडेवर गंजरोधक थर द्यायलाच हवा.

आणि चौथा मार्ग, जो मान्य करणे जड जाते : गाडी १० मिमी वर घेणे. पूर्ण भाराने, आपल्या रस्त्यांवर, न घासता चालते तीच त्या गाडीची योग्य उंची.

८. दिसत नाहीत असे परिणाम

स्टेअरिंग वळवताना चाक एका तिरप्या अक्षाभोवती वळते. तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरच्या टेकण्याचा मध्य, यांतल्या अंतराला स्क्रब रेडिअस म्हणतात. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम उणे ठेवले होते, म्हणजे अक्षाचा बिंदू टायरच्या मध्यापेक्षा बाहेर होता. त्यामुळे एका बाजूचा ब्रेक कमी लागला, तरी गाडी आपोआप सरळ राहायला मदत होते. पुढे अनेक गाड्यांनी ही रचना स्वीकारली. १५ मिमीचा स्पेसर हे अंतर जवळपास १५ मिमीनेच बदलतो. मग खड्ड्याचा झटका स्टेअरिंगमध्ये जास्त जाणवतो आणि एका बाजूला ओली माती असताना ब्रेक मारला तर गाडी ओढ घेते. चाक बाहेर गेल्याने व्हील बेअरिंगवरचा ताणही वाढतो. ३ ते ५ मिमीत हे परिणाम नगण्य असतात, २० मिमीत नसतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. जर्मनीत उंची किंवा स्पेसर बदलायचे तर त्या भागाला मान्यता लागते, आणि अनेकदा ट्यूव्हसारख्या संस्थेकडून गाडी तपासूनही घ्यावी लागते. आपल्याकडे खर्च करण्याआधी आरटीओकडे चौकशी करावी आणि केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर गाडीच्या देखणेपणाचा उपयोग नाही.

९. कामाचा क्रम

१. घासण्याची जागा खडूने किंवा मातीने शोधा.
२. आत आणि बाहेर किती मिलिमीटर शिल्लक आहेत, ते बंप स्टॉपपर्यंत चाक उचलून मोजा.
३. रिम अजून घ्यायची असेल तर योग्य ईटीची घ्या.
४. रिम घेतलेलीच असेल आणि टायर आत घासत असेल, तर गरजेइतकाच, हबच्या मापाचा स्पेसर योग्य लांबीच्या बोल्टसह लावा.
५. बाहेर घासत असेल तर टायर, कॅम्बर, फेंडर, उंची या क्रमाने जा.
६. अलाइनमेंट करा आणि पूर्ण भाराने पुन्हा चाचणी घ्या.
७. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि पुढे दर वेळी चाक काढले की हेच करा.

यातली शेवटची पायरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. ती दहा मिनिटांची आहे, आणि गाडीत बसणाऱ्या सगळ्यांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून आहे.